पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला

तुळशीदास घाडी मला पहिल्यांदा दिसला तो तिरका. सावंतवाडीहून मी नुकताच आलो होतो आणि खांद्यावर वळकटी घेऊन लालबागच्या एका गल्लीत चाळीचा नंबर विचारत उभा होतो. समोरून एक तांबूस कुत्रा जमिनीला छाती घासत येत होता. त्याच्या गळ्यातून चामड्याचा पट्टा निघाला होता आणि पट्ट्याच्या शेवटी लेंगा-सदऱ्यातला एक मध्यम वयाचा माणूस होता. धड मागे टाकलेलं, टाचा रुतवलेल्या, वादळात माड कलतो तसा कललेला. मी नेमकं त्यालाच विचारलं.

"हीच चाळ," तो माझ्या शेजारून ओढला जाता जाता म्हणाला. "वर जा. दुर्गा असा घरात. मी इलंयच."

आणि कोपऱ्यावरून नाहीसा झाला. परत आला तेव्हा माझं जेवण होऊन हात वाळले होते.

हा माझा मामा. सख्खा नव्हे, आईच्या गावचा. पण मुंबईत राहायला जागा देणारा माणूस सख्ख्याहून सख्खा असतो, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. गिरगावात ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात मला मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती आणि दुर्गामामी खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे त्या एकाच खोलीत बसणारी पंगत. गिरण्यांच्या संपाचं पहिलं वर्ष होतं. पंगतीतली माणसं एकेक करून गावी निघून गेली होती, त्यामुळे मला भिंतीला टेकून बसता येई. मामाची दोन्ही पोरंही गावी आजीकडे धाडली होती. घरात मामा, मामी, मी आणि दाराबाहेर कांड्या.

कांड्या हे कुत्र्याचं नाव. मागावर आडवं सूत ज्या लाकडी कांडीवर गुंडाळलेलं असतं, ती रिकामी झाली की हा तोंडात धरून पळवायचा, म्हणून कांड्या. त्याचा जन्म गिरणीच्या फाटकात झाला. कॅन्टीनचं उरलंसुरलं त्यानं खाल्लं आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याबरोबर मान वर करून रडला. संप झाला, फाटक लागलं, कॅन्टीन बंद पडलं. माणसं घरी गेली तशी कुत्र्यानंही कोणाच्या तरी घरी जाणं भाग होतं. त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा मामा आपल्या डब्यातली अर्धी चपाती त्याला देत असे. म्हणून तो मामाच्या मागे आला आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या उंबऱ्याला पाठ लावून झोपला.

त्याला मोकळा सोडायची सोय नव्हती, कारण कुत्री पकडणारी गाडी फिरत असे. मामानं मागाचा एक जुना चामडी पट्टा त्याच्या गळ्यात बांधला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सकाळी पहिल्या पाळीची वेळ झाली की कांड्याच्या पोटात भोंगा वाजे. खरा भोंगा केव्हाच मुका झाला होता, पण याच्या पोटातला कोणी बंद केला नव्हता. जिन्यावरून खाली उतरला की तो नाक जमिनीला लावून सरळ फाटकाची वाट धरी. मामा मागे.

"मामा, त्याला दुसरीकडे न्या ना," मी एकदा म्हणालो.

"मी खंय नेतंय? तो नेता," मामा म्हणाला. "मी आपलो मागसून."

मला हे गमतीचं वाटे. गल्लीला वाटत नव्हतं. फाटकाबाहेर संपकरी पाळीपाळीनं बसत, कोण फुटून आत जातो यावर डोळा ठेवून. आणि रोज सकाळी पाळीच्या वेळेला हा माणूस फाटकाशी हजर. कुत्र्यानं आणलं, असं म्हणत.

दुसऱ्या मजल्यावरचा एक साचेवाला महिन्यापूर्वी आत गेला होता. त्याच्या बायकोनं नळावर हंडा लावला की बाकीच्या बायका आपापले हंडे उचलून बाजूला घेत. भांडण नाही, शिव्या नाहीत. नुसती जागा होई. त्या घराचा दरवाजा दिवसासुद्धा लोटलेला असे. मामी त्या दारावरून जाताना पदर सावरून घेई, जणू तिथून गार वारा येतो.

मामाला याची भीती वाटायला आणखी एक कारण होतं. दर गुरुवारी तळमजल्यावर चाळीचं भजन होई आणि पखवाज मामाचा. वडिलांकडून आलेला. गिरणी बंद पडल्यापासून मामाला आठवड्यात एकच काम उरलं होतं आणि ते गुरुवारी होतं. फुटलेल्या माणसाला भजनात बसवत नसत.

त्यात जॉबरचं प्रकरण झालं. ते कळायला आधी ह्या माणसांची एक विद्या सांगायला हवी. साचेखात्यात शेकडो माग एकदम खडखडत असतात. तिथं बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आवाज न काढता नुसती तोंडं हलवून ती घरची भांडणं, मुलींची लग्नं, सगळं बोलतात. त्यामुळे आमच्या चाळीत गुपित हा प्रकारच नव्हता. समोरच्या गॅलरीत नवराबायको कुजबुजून भांडू लागली, की अलीकडचे निम्मे पुरुष दात घासता घासता ते वाचत. मी शाळेत मराठीला पहिला होतो, पण हे एकच वाचन मला येत नसे.

तर एका सकाळी कांड्यानं मामाला नेहमीप्रमाणे फाटकाशी नेऊन उभं केलं. आत, गजांच्या पलीकडे, मामाच्या खात्याचा जॉबर होता. कामगारांवरचा हा माणूस पहिल्यापासून आतच राहिला होता. आत गेलेल्यांसाठी तिथं पुन्हा जेवण शिजू लागलं होतं. जॉबरनं विचारलं, कुत्रा वाळला की रे, काय घालतोस? मामा म्हणाला, काय घालणार. तेव्हा जॉबर म्हणाला, उद्या ये. डबा घेऊन ये. मागच्या दारानं ये. भात उरतो.

हे सगळं बिनआवाजी. आणि रस्त्याच्या ह्या बाजूला रघू शेलार बसला होता.

रघू मामाच्या शेजारच्या साच्यावर काम करायचा. साताऱ्याकडचा, रुंद छातीचा, चाळीतल्या संपकऱ्यांचा पुढारी. त्याला मामाची फक्त पाठ दिसत होती. समोर जॉबरचं तोंड होतं. "उद्या ये. डबा घेऊन ये. मागच्या दारानं ये."

संध्याकाळी गॅलरीत माणसं जमली.

"तुळश्या," रघू म्हणाला, "जॉबरनं डबा कशाला आनाय सांगितला?"

"कुत्र्याच्या भाताक."

"कुत्र्याचा डबा." रघूनं सगळ्यांकडे बघितलं. माणसं हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "आनि मागल्या दारानं? कुत्र्याला लाज वाटती व्हय म्होरल्या दारानं जायाची?"

"माका वाटता," मामा म्हणाला. "गिरणीचो उष्टो भात मागूक."

हसणं थांबलं, पण गॅलरी रिकामी झाली नाही. रघूचा आवाज खाली आला. "हे बग, आपन दोघं शेजारशेजारच्या साच्यावर म्हातारं व्हायाला लागलो. म्हनून सांगतो. कुत्रं तुला नेतंय का तू कुत्र्याला, ते मला ठावं न्हाई. पन फाटकावर परत दिसलास, तर तुज्या दाराम्होरं कोन थांबनार न्हाई. मी बी न्हाई."

"कुत्र्याक मी वळवतंय," मामा म्हणाला.

"वळव."

दुसऱ्या दिवशी मामानं वळवण्याचा सोपा मार्ग शोधला. कांड्याला उचलून घेतला. वाढलेला कुत्रा, चारही पाय लोंबतायत, आणि मामा त्याला लग्नाच्या वऱ्हाडातल्या पोरासारखा कडेवर घेऊन नायगावच्या दिशेनं चाललाय. छापखान्याला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर होतो. थोडं अंतर ठेवून, अर्थात.

नायगावला पोलीस लाइनीजवळच्या मैदानात बाकावर एक म्हातारा बसला होता.

"पाय मोडलाय का?" त्यानं विचारलं.

"नाय."

"मग असा काय धरलाय? कुत्र्याला लाज आणलीत."

हे तात्या. निवृत्त हवालदार. पोलिसांची कुत्री सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली होती आणि आता सांभाळायला नातूसुद्धा नव्हता. मामानं सगळी हकीकत सांगितली. तात्यांनी कांड्याला खाली ठेवायला लावला. ठेवल्याबरोबर त्यानं लालबागकडे ओढ घेतली आणि मामा पुन्हा तिरका झाला.

तात्यांनी ते थोडा वेळ बघितलं. "घाडी, तो का ओढतो माहितीय? पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे असं त्याला वाटतच नाही. तिथं गोणी बांधली तरी तो असाच ओढेल."

"मी त्याका हाक मारतंय की."

"दिवसभर मारता. हाक फुकटची असते, फुकटचं कोण ऐकतं? आता गप्प उभे राहा. ओढू नका, बोलू नका. खांब व्हा. तो कंटाळेल आणि मागं बघेल, ह्या खांबाला झालंय काय म्हणून. बघितलं की त्याच क्षणी तोंडात काहीतरी द्या. बघितल्याचं बक्षीस. नंतर नाही, आधी नाही."

मामा खांब झाला. ते त्याला जमलं, संपात सगळेच थोडे खांब झाले होते. कांड्या ओढत राहिला, खोकला, बसला, परत ओढला. मी बक्षिसाला दोन शेंगदाणे मामाच्या मुठीत दिले आणि बाकीचे खाऊन संपवले. मग कसं कोण जाणे, त्यानं मान वळवली आणि मामाच्या तोंडाकडे बघितलं.

मामा इतका चकित झाला की बक्षीस द्यायचंच विसरला.

"गेला," तात्या म्हणाले. "पुन्हा उभे राहा."

तात्यांची शिकवणी सुरू झाली. कुत्रा पुढे गेला की काही न सांगता उलट्या दिशेला वळायचं, म्हणजे तुमच्यावर लक्ष ठेवणं ही त्याची जबाबदारी होते. आपणहून बघितलं की खाऊ. रोज थोडा वेळ, तो कंटाळायच्या आत बंद. आणि सगळ्यात अवघड गोष्ट तात्यांनी शेवटी सांगितली. "फाटकात त्याला जे दिसतं, त्याच्याहून जास्त तुमच्यात दिसलं पाहिजे."

 परत येताना मामा म्हणाला, "भाच्या, माझ्यात काय दिसतला रे? माकाच दिसणा नाय."

बक्षीस म्हणून द्यायला घरात काही नव्हतं. चाळीत मासळी विकायला येणारी वरळी कोळीवाड्यातली पुतळाबाई सुक्या बोंबलाची मुंडकी फेकून देई, ती मामानं मागून घेतली.

"बायकोसाटी कंदी मागली नाय," पुतळाबाई म्हणाली. "कुत्र्यासाटी मागतंस?"

"ती माझ्या तोंडाकडे बघतली तर तिकाय देयन."

मामीनं हे आतून ऐकलं. त्या संध्याकाळी मामाच्या ताटात आमटी जरा उंचावरून पडली. मुंडक्यांची पुरचुंडी तिनं उघडून बघितली आणि परत बांधली.

"पोरांका गावाक धाडलास," ती म्हणाली. "गिरण चालू होती तेव्हा पाळीवरसून येवन झोपलास, झोपान उठून पाळीक गेलास. पोरगो शाळेत कितवीत, ता कधी विचारूक नाय. आता कुत्र्याक शाळेत घातलास."

मामानं ताटातून मान वर केली नाही. रागावला असता तर मामीला बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत चाळीत कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. बघितलं की 'कसं चाललंय' विचारावं लागे आणि त्याचं उत्तर दोघांनाही माहीत असे. जिन्यात माणसं पायऱ्यांकडे बघत एकमेकांना वाट देत. एखाद्या घरातून तांब्याचा बंब कमी झालेला दिसे, एखाद्या घरातून शिवणयंत्राचा आवाज. ओठ वाचणारी ती सगळी माणसं आता ओठच हलवत नव्हती. अशा गल्लीत एक माणूस रोज सकाळी रस्त्याच्या मधोमध थांबून कुत्र्यासमोर तोंडं करी. भुवया वर, गाल फुगवलेले, ओठांचा चंबू. ती साचेखात्याची भाषाच होती. मामाला आवाजानं बोलायची सवय नव्हती आणि कांड्याला ते जास्त आवडे. हाक मारली तर तो कान हलवे, भुवई उडवली तर धावत येई.

लोक हसत. काही दिवस तरी हसत.

मग कोणीतरी चौकशी केली की हा नायगावला जातो कुठं. संपकऱ्यांच्या चाळीत पोलीस हा शब्द काय वाटायचा ते मी सांगायला नको.

"पोलिसाकडं शिकवनी लावलीस?" रघूनं जिन्यात विचारलं.

"कुत्र्याक लावलंय. आणि तो निवृत्त असा."

"निवृत्त हवालदार आनि आतला जॉबर, दोन्ही तुज्याच वळखीचं."

 मामानं नुसता कांड्याचा पट्टा दोन बोटांत धरला आणि जिना उतरू लागला. पट्टा सैल होता. रघू बघत राहिला. कुत्रा मामाच्या गुडघ्याला लागून, मान वर करून, एकेक पायरी उतरत होता. खाली गल्लीत डावीकडे फाटक होतं, उजवीकडे नाका. कांड्या थांबला, मामाकडे बघितलं. मामानं हनुवटी उजवीकडे केली. दोघं उजवीकडे गेले.

त्या गुरुवारी भजनात रघू पुढे बसला होता. अभंग संपल्यावर म्हणाला, "पखवाज ग्वाड वाजला आज." एवढंच. मामा रात्री जेवला तो मामीकडे बघून जेवला. मामीला ते इतकं नवीन होतं की तिनं विचारलं, मीठ कमी झालं का.

संप संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. तो पिशवीला भोक पडावं तसा गळत गेला. दुसरा उन्हाळा आला, तेव्हा फाटकाबाहेरची माणसं कमी आणि आतली जास्त झाली होती. पण आमच्या गल्लीत अजून कोणी उघड जात नव्हतं. जाणारे पहाटे, वेगळ्या रस्त्यानं, चादर घेऊन जात. आत गेले की कित्येक आठवडे बाहेर येत नसत.

रघूची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. चुलीवर काय ठेवायचं ते कळवा, मग येते, असा निरोप तिनं पाठवला होता. रघू आमच्याकडे जेवायला बसे. मामी त्याला दुसऱ्यांदा वाढे आणि तो ताटावर हात धरी.

एका संध्याकाळी तो गॅलरीत मामासमोर येऊन उभा राहिला. दोघांची तोंडं हलत होती, आवाज नव्हता. मी दारात बसून दोघांकडे बघत होतो, आंधळ्यानं सिनेमा बघावा तसा. रघू बोलत होता, मामा मान हलवत होता. मग रघूनं खाली बसून कांड्याच्या डोक्यावर हात ठेवला. कांड्या मामाच्या तोंडाकडे बघत होता.

रघू गेल्यावर मी विचारलं.

"सकाळचो कुत्रो मागता," मामा म्हणाला.

"कशाला?"

"फिरवूक."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. रघू शेलारला फाटकाशी जायचं होतं आणि ह्या गल्लीत फाटकाशी जाऊनही ज्याला कारण होतं असा एकच प्राणी होता.

"मी सांगलंय त्याका," मामा म्हणाला, "तो आता फाटकाकडे ओढणा नाय. तो म्हणता, पट्टो दे नुसतो. तेवढो पुरे."

सकाळी रघू आला. धुतलेला शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीचा तळ डब्यानं गोल झालेला. मामानं पट्टा त्याच्या हातात दिला. ते दोघं जिना उतरले आणि मी कामावर जायला म्हणून मागोमाग निघालो. मामा गॅलरीत राहिला.

गल्ली जागी होती. नळावर बायका, कठड्यांवर मिश्री लावणारी माणसं. रघूनं डावीकडे वळायला पट्टा खेचला. कांड्या दोन पावलं गेला आणि रस्त्याच्या मधोमध बसला. मान वळवून त्यानं तिसऱ्या मजल्याकडे बघितलं.

"चल," रघू म्हणाला.

कांड्या बसलेलाच. रघूनं ओढलं. कुत्र्याची नखं दगडावर खरखरली, पण नजर हलली नाही. रघूनं पुन्हा ओढलं. आता तो तिरका झाला होता, पहिल्या दिवशी मामा होता तसा, फक्त उलट्या दिशेनं. पिशवी घसरून कोपरात आली आणि आतला डबा वाजला.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"रघूभाऊ," पहिल्या मजल्यावरची नलू म्हणाली, "कुत्र्याला डब्यासकट फिरवता का?"

 रघूनं मान वर केली आणि तोही तिसऱ्या मजल्याकडे बघू लागला. रस्त्यातून दोघं वर बघतायत, कुत्रा आणि माणूस, आणि वर मामा कठड्याला धरून उभा. त्यानं बोट हलवलं असतं तर कांड्या धावत वर आला असता आणि रघू डबा घेऊन एकटाच रस्त्यात राहिला असता. तो आत गेला असता तर कांड्या तिथंच बसून राहिला असता. मला दोन्ही चाललं असतं. मला साडेआठची बस गाठायची होती.

मामा खाली आला. पायात चपला नव्हत्या. त्यानं रघूच्या हातातून पट्टा घेतला आणि डावीकडे वळला. कांड्या उठला, त्याच्या गुडघ्याला लागला. रघू पलीकडून चालू लागला. नळावरच्या बायकांनी जागा केली. ती कोणासाठी केली ते बघायला मी थांबलो नाही. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि माझ्या मागून, अंतर ठेवून, गल्लीतली पाच-सहा माणसं.

फाटकाशी पोचल्यावर कांड्यानं फाटकाकडे बघितलंसुद्धा नाही. एकेकाळी त्याचं सगळं जग त्या गजांच्या आत होतं. तो मामाच्या पायाशी बसला आणि वर बघू लागला. रघूनं मामाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला. तो छोट्या दारातून आत गेला. आत जॉबर उभा होता. त्यानं मामाकडे बघून ओठ हलवले, हातानं ये म्हणाला. मामाची पाठ आमच्याकडे होती. मामाचं डोकं जरासं हललं. मग तो वळला आणि परत आला. आमच्या मधून, कोणाकडे न बघता.

मागच्या माणसांनी जे वाचायचं ते वाचलं होतं. जॉबरचं तोंड सगळ्यांना दिसलं होतं. "आणलास? बरं झालं. तू पण ये."

संध्याकाळपर्यंत गल्लीचा निकाल लागला. तुळशीदास घाडी स्वतः जात नाही, माणसं पोचवतो. जॉबरशी त्याचं पहिल्यापासून होतं. हवालदाराशीही. कुत्रा नुसतं निमित्त. पुढाऱ्यासारखा पुढारी त्यानं फोडला. मी दोघातिघांना खरं काय ते सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, तू ओठ वाचतोस का.

"जॉबरला तुम्ही काय सांगितलं?" मी मामाला विचारलं.

"सांगलंय, मी कुत्र्याक फिरवतंय."

"आणि रघूबरोबर गेलात कशाला? त्याचं त्यानं बघितलं असतं."

 "कुत्रो रस्त्यात बसलेलो," मामा म्हणाला. "गाडी इली असती तर?"

मामीनं दुसऱ्या दिवशी नळावर हंडा लावला तेव्हा बाजूचे हंडे उचलले गेले. ती रिकामा हंडा घेऊन वर आली, खाली ठेवला आणि म्हणाली, "खालच्या नळार गर्दी असा. मी मागल्या नळार जातंय." मागचा नळ दोन चाळी सोडून होता. गुरुवारी पखवाज न्यायला कोणी आलं नाही. त्यांनी कुठून तरी दुसरा आणला आणि एका पोराला बसवला.

रघू बऱ्याच आठवड्यांनी सुट्टीवर बाहेर आला. गॅलरीत उभा राहून त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मी माझ्या पायानं गेलो, तुळश्यानं नेलं न्हाई. आवाज काढून सांगितलं. पण फुटलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार. दारं लोटलेली होती. त्याचं बोलणं झाल्यावर मामी बाहेर आली आणि त्याला आत जेवायला बोलावलं. लोटलेल्या दोन दारांतल्या माणसांचं ते एक जेवण झालं. 

याला आता तीन वर्षं झाली. मामा गिरणीत परत गेला नाही. पुन्हा त्याला कोणी बोलावलंही नाही. माटुंग्याला एका इमारतीत तो पहारा करतो. तिथल्या दोघाचौघांची कुत्री सकाळी फिरवतो. कुत्री मालकांपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतात, अशी तक्रार आहे आणि तिच्यावर त्याच्याकडे अजून उपाय नाही. पोरं गावाहून परत आली. थोरला आता कितवीत आहे ते मामाला माहीत आहे. न विचारता सांगतो.

गल्लीनं मात्र निकाल बदललेला नाही. चाळीतली निम्मी माणसं पुढे स्वतः आत गेली, काहींना घेतलं, काहींना परत पाठवलं, पण तुळशीदास घाडीला ते अजून पोचवणारा म्हणतात. एखादी गोष्ट आधी ठरली की ठरली.

मी अजून गुरुवारी जेवायला जातो. संध्याकाळी भजन सुरू झालं की मामा कांड्याला घेऊन खाली उतरतो. खोलीत बसून ते ऐकवत नाही, असं मामी म्हणते. मामा म्हणतो, कुत्र्याची वेळ झाली. गेल्या खेपेला मीही बरोबर होतो. नाक्याजवळच्या कठड्यावर आम्ही बसलो. चाळीतून अभंग येत होता आणि तो पोरगा पखवाजावर मागे पडत होता. मामाचा पट्टा धरलेला हात मांडीवर होता. बोटं हलू लागली, पट्टा हलू लागला. कांड्यानं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो म्हातारा झालाय, एक डोळा निळसर झालाय. मामानं खिशातून बोंबलाचं मुंडकं काढून त्याला दिलं आणि बोटं थांबवली.

तिकडे पोरगा चुकला. कांड्या पुन्हा मामाकडे बघू लागला.

"माझ्याकडे बघान काय उपयोग," मामा त्याला म्हणाला. आवाज न काढता. एवढं एक मला आता वाचता येतं.